उणे अडतीसच्या दारातला विठू

विठू कोळ्याशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मध्येमध्ये थांबून कबुली द्यावी लागणार नाही.

मी रेफ्रिजरेशनचा मिस्त्री. आयटीआयचं सर्टिफिकेट, मुंबईत बर्फाच्या कारखान्यात सात वर्षं, आणि मग २००४ साली घराजवळ काम मिळतंय म्हणून पनवेलच्या बाहेर, तळोज्याच्या बाजूला, मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. अमोनियाचे कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात. थंड खोल्या दोन प्रकारच्या. एक 'कोल्ड', तिथे गोठलेला माल खोक्यांत रचून ठेवलेला, उणे अठरा. दुसरी 'ब्लास्ट'. तिथे ताजी कोळंबी नाहीतर माकूल ट्रेमध्ये भरून ट्रॉलीवरून आत ढकलायची, दार लावायचं आणि पुरुषभर उंचीचे पंखे सोडायचे. उणे अडतीस. बाहेर एप्रिलात पारा अडतीसवर आणि दाराच्या आत उणे अडतीस, आणि मध्ये फक्त एक वीतभर जाडीचं दार.

त्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर विठू बसायचा. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळा, गळ्यात दोरीला बांधलेलं मनगटी घड्याळ, मांडीवर पाटी आणि खिशात हातभर लांबीची लाल नायलॉनची दोरी. पाटीवर आत गेलेल्याचं नाव आणि वेळ. दहा मिनिटं झाली की दारावर मूठ आपटायची. माणूस बाहेर आला की त्याला बसवायचा, चहा द्यायचा, आणि परत आत जायची वेळ आली की हातात दोरी द्यायची. "मार गाठ."

गाठ म्हणजे जाळं सांधायची गाठ. मासळीच्या फाटक्या जाळ्याला नवी दोरी जोडताना कोळी मारतात ती. ओरिसाचे, बिहारचे, इथल्या नेऱ्याकडचे, सगळ्या कामगारांना विठूने ती शिकवली होती. कुणाला आठ दिवस लागले, कुणाला महिना. ज्याला गाठ जमली तो आत. ज्याची दोरी सुटली, उलटी पडली, किंवा जो नुसता दोरीकडे बघत बसला, तो घरी. मॅनेजर ओरडला तरी घरी.

मला हे सगळं खुळ्यासारखं वाटायचं. माझ्या खोलीत कंपनीने पाठवलेला इंग्रजी तक्ता होता: किती तापमानाला किती मिनिटं, कुठलं जॅकेट, कसले हातमोजे. मी तो एकदा विठूच्या नाकासमोर धरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्या कागदातला मानूस सुका हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "आमची मानसं ओली जातात."

मी तक्ता गुंडाळून घेऊन गेलो.

विठू पनवेलच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, तो गेल्यावर विठूने खाडीत जाळी टाकली. मग खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त लागायला लागलं आणि २००० साली तो या कारखान्यात माल ढकलायला आला. दुसऱ्याच वर्षी ब्लास्टमध्ये एका ट्रॉलीचं चाक अडकलं. हातमोजा ओला झाला होता म्हणून त्याने तो काढला आणि उघड्या हाताने लोखंडी दांडा धरून जोर लावला. चाक सुटलं. बाहेर आल्यावर उजव्या हाताच्या करंगळीवर फोड आला, तो काळा पडला आणि डॉक्टरने वरचं पेर कापून टाकलं. २००३ पासून तो दारावर बसायला लागला.

"दुखलं असतं तर मी हात काढला असता ना," हे त्याने मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. "दुखलंच नाय, मिस्त्री. अंग सांगायचंच बंद करतं."

हे मात्र खरं होतं, आणि ते तक्त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ब्लास्टचं दार उघडून आत पाऊल टाकलं की पहिला श्वास आपण घेत नाही, तो छाती आपल्याला न विचारता ओढून घेते. नाकातले केस कडक होतात, दात शिवशिवतात, काळीज धडधडायला लागतं. पाच मिनिटांत लघवीला लागते. नवीन माणूस बाहेर येऊन तडक संडासाकडे पळायचा आणि सगळे हसायचे. तो घाबरला असं त्यांना वाटायचं. घाबरण्याचा संबंध नाही. कातडीतलं सगळं रक्त पोटाकडे पळतं आणि मूत्रपिंडांना वाटतं, अंगात पाणी फार झालं. बोटं पांढरी पडतात. आणि मग थोड्या वेळाने, आत असतानाच, अचानक लाल होतात, ऊब येते. अंग बोटं वाचवायला जरासं रक्त सोडतं आणि लगेच परत घेतं. नवख्याला वाटतं, सवय झाली. विठू म्हणायचा, बोटं लाल झाली म्हंजे मानूस बरा झाला, असं नाय.

त्याने गाठ का निवडली, ते मला पुढे कळलं. आधी तो नाव विचारायचा. पण नाव माणूस झोपेतही सांगतो. मग बोटं मोजायला लावली, तर लोक न मोजताच दहा म्हणायचे. गाठीला बोटं लागतात आणि डोकंही लागतं, दोन्ही जागेवर असल्याशिवाय ती बसत नाही. असा त्याचा हिशेब.

माझी मस्ती उतरली ती २००५ च्या पावसाळ्यात. ब्लास्टच्या सेन्सरची वायर सैल झाली होती. "दोन मिनिटांचं काम," म्हणत मी नुसत्या शर्टावर आत गेलो. विठूने जॅकेट पुढे केलं, मी हात झटकला. स्क्रू धरायला बोटं ऐकेनात, दोनाची सात मिनिटं झाली. बाहेर आलो तेव्हा स्क्रू माझ्या मुठीत होता आणि मी तो खिशात शोधत होतो. विठूने दोरी दिली. मला ती गाठ चांगली येत होती, हसत हसत शिकलो होतो. हातात दोरी घेतली आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याने मला भिंतीशी बसवलं, पोतं अंगावर टाकलं आणि अर्धा तास उठू दिलं नाही. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. कारखान्यात अशी गोष्ट न सांगणं किती अवघड असतं, ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल.

त्यानंतर मी त्याच्या बाजूचा झालो. एकदा कुठल्याशा परदेशी गिऱ्हाइकाची माणसं ब्लास्ट बघायला आली, सोबत मॅनेजर सूट घालून. एक फेरी झाली, फोटो काढायला परत आत जायचं म्हणाले. विठूने मॅनेजरच्या हातात दोरी दिली. मॅनेजर लाल झाला, ते थंडीमुळे नव्हे. मी कॉम्प्रेसरमागे जाऊन हसलो.

पण विठूला त्यात विनोद दिसत नसे. रोज संध्याकाळी प्रत्येक माणूस घरी जाताना त्याच्यासमोर दोन्ही हात पसरायचा आणि तो म्हणायचा, "दहाच्या दहा. जा." नऊ वर्षांत त्या दारातून आत गेलेल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. शेजारच्या कारखान्यांतून दर हिवाळ्या-उन्हाळ्याला काही ना काही ऐकू यायचं. आमच्याकडे नाही. विठूजवळ मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती त्याला जपायची होती.

आनंदा त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांनी लहान. बाप गेल्यावर विठूनेच त्याला वाढवला, जाळं विणायला बसवला, लग्न करून दिलं. आनंदा अंगाने दणकट, बोलायला गोड, कामाला वाघ. तो ब्लास्टमध्ये, आणि त्याची बायको जनी कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये. ती दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून उभी असायची.

आनंदा कामाला लागला तेव्हा बाकीच्यांनी विठूला छेडलं. भावाची गाठ न बघताच पास करशील, म्हणाले. हे विठूला फार लागलं. त्याने ठरवलं, आनंदाने एक नाही, दोन गाठी मारायच्या. आणि दुसरं एक ठरवलं, ते त्याने फक्त मला सांगितलं. दुसऱ्यांना आत सोडताना तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा, आनंदाच्या नाही.

"तोंड बघितलं का माया येते, मिस्त्री. मग मी त्याला उगाच बाहेर बसवीन, आनी लोक बोलतील. हात बघायचं, बस."

मला त्याचं कौतुक वाटलं. इतका सरळ माणूस, असं मी घरी बायकोला सांगितलं.

२०१२ चा एप्रिल. संध्याकाळी कंटेनर निघायचा होता. सकाळी ब्लास्टची डिफ्रॉस्टची नळी तुंबली, पाणी जमिनीवर उतरलं आणि गोठलं, आणि सहा ट्रॉल्यांची चाकं बर्फात रुतून बसली. मी मॅनेजरला सांगितलं, चार तास पंखे बंद करू, बर्फ सुटेल. तो म्हणाला, अर्धा माल अजून मऊ आहे, पंखे बंद झाले तर सगळा फेकावा लागेल. माणसं दहा-दहा मिनिटं पाठवा. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पंख्यांचं बटण माझ्या खोलीत होतं.

चौघं जण, दोन जोड्या. पहारीने बर्फ फोडायचा, चाकावर गरम पाण्याची बादली ओतायची, ट्रॉली हलवायची. दहा मिनिटं आत, दहा बाहेर. कुठलीच फेरी मोठी नव्हती. पण गरम पाणी उडायचं, पँट मांडीपर्यंत भिजायची आणि दुसऱ्या क्षणी तो कपडा पत्र्यासारखा ताठ व्हायचा. बाहेर आले की ते कोळंबी उकळायच्या भांड्याच्या वाफेच्या पाइपाला हात लावून उभे राहायचे. बाहेरच्या उन्हात हात दोन मिनिटांत गरम व्हायचे. पोटाला मात्र ती ऊब पोचायला वेळ लागतो. उलट, हातापायांत अडकलेलं थंड रक्त तेव्हाच आत परतत असतं, म्हणजे माणूस बाहेर बसलेला असतानाही आतून गारच होत जातो. हे आज मला माहीत आहे.

आनंदाच्या जोडीला नेऱ्याचा रामू होता. तिसऱ्या फेरीनंतर विठूने रामूला दोरी दिली. रामूने ती बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"रामू, गाठ."

"मारली की," रामू म्हणाला.

विठूने त्याला बाजूला बसवलं, पाटीवरून नाव पुसलं. मग आनंदाकडे वळला. आनंदाचे हात पाइपावरून नुकतेच उचललेले, लालबुंद. त्याने दोरी घेतली आणि खटाखट दोन गाठी मारल्या. सहाव्या वर्षापासून मारत आलेल्या गाठी त्या. विठूने त्या बोटाने ओढून बघितल्या. पक्क्या होत्या.

मी तिथेच उभा होतो. मी आनंदाचं तोंड बघितलं. आधीच्या फेरीनंतर तो लटलट कापत होता, आता कापत नव्हता. हनुवटीवरून चहा ओघळून शर्टावर सांडला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तो हसून म्हणाला, "आता बरं वाटतंय." मला वाटलं, दणकट आहे, सवय झाली. माझ्या स्वतःच्या मुठीत स्क्रू होता तो दिवस मला तेव्हा आठवायला हवा होता. नाही आठवला. मी काहीही बोललो नाही, आणि तो आत गेला.

रामूच्या जागी गेलेला माणूस बादली भरायला मध्येच बाहेर आला. त्याला नळाशी तीनचार मिनिटं लागली. दहा मिनिटं झाली, विठूने दार वाजवलं. आतून काही नाही. विठू पाटी टाकून आत धावला, मागून मी. आनंदा तिसऱ्या ट्रॉलीच्या मागे भिंतीला टेकून बसला होता. जॅकेट काढून शेजारी ठेवलेलं, शर्टाची बटणं सोडलेली. उणे छत्तीस अंशांत त्याला उकडत होतं. गारठण्याच्या शेवटी शेवटी असं होतं म्हणे. आवळून धरलेल्या शिरा दमून सुटतात आणि कातडीला आग लागल्यासारखं वाटतं.

तो जिवंत होता. डोळे उघडे, श्वास हळू. आम्ही त्याला बाहेर आणला आणि जे सुचलं ते केलं. उभा केला, चालवायचा प्रयत्न केला, पाय चोळले. कोळीवाड्यात पाण्यातून काढलेल्या माणसाला असंच चोळतात. मीही चोळले, जोर लावून. टेम्पोत घातला तेव्हा तो होता. कळंबोलीच्या पुलाखाली नव्हता.

डॉक्टर समजूतदार निघाला. असा माणूस आडवाच ठेवायचा असतो, हलवायचा नसतो, चोळायचा तर नाहीच, हातापायांतलं थंड रक्त एकदम हृदयाकडे जातं, असं त्याने शांतपणे सांगितलं. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," असंही म्हणाला. त्याने माझ्या कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं. दहाही बोटं शाबूत होती.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी जनी कामावर आली. हॉलमध्ये न जाता सरळ ब्लास्टच्या दाराशी आली आणि विठूसमोर उभी राहिली. ती कधी त्याच्याशी मान वर करून बोलली नव्हती.

"दादा, एक सांगा. रामूला तुमी बसवलात. यांना का नाय?"

"त्याने दोनी गाठी मारल्या, जने. पक्क्या होत्या."

"तुमी हात बघितलात," जनी म्हणाली. "तोंड बघितलात काय?"

विठूने मान खाली घातली. ती हॉलमध्ये गेली आणि बर्फात हात घालून कामाला लागली. मी हे सगळं दहा फुटांवरून ऐकलं. तोंड मी बघितलं होतं, हे सांगायला मी पुढे झालो नाही.

त्यानंतर विठू दारावर बसायचा पण त्याला काही सुचत नसे. एखाद्याने गाठ मारली तरी त्याला सोडू की नको, असं करत बसायचा. माणसं वैतागली. एक दिवस तो माझ्या खोलीत आला.

"मिस्त्री, मना एक बघायचं हाय. गाठ खोटी होती, का मी खोटा."

त्याचं म्हणणं सरळ होतं. रविवारी कारखाना बंद असतो. ब्लास्ट चालू ठेवायचा. आनंदासारखंच ओलं होऊन चार फेऱ्या तो करणार, आणि बाहेर मी त्याला दोरी देणार. आनंदासारखाच तोही कोळ्याचा, त्याचेही हात लहानपणापासून जाळ्यात. गाठ सुटली तर कसोटी खरी, म्हणजे आनंदा आत गेला तेव्हा शुद्धीत होता आणि पुढे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. गाठ बसली तर मग काय, ते तो बोलला नाही.

मी त्याला वेडा म्हटलं. म्हटलं, तू पन्नाशी उलटलेला, आनंदा टिकला नाही तिथे तू काय टिकणार, आणि मला तुरुंगात पाठवायचंय का. त्याने शांतपणे ऐकलं.

"तू नसलास तर मी एकटा जाईन," तो म्हणाला.

तो गेलाच असता. म्हणून मी हो म्हणालो. रामूला विश्वासात घेतलं, तोही तयार झाला, कारण त्या दिवशी आपण वाचलो ते कशामुळे, हे त्याच्याही मनात सलत होतं. मी गाद्या, घोंगड्या, कोमट साखरेचं पाणी तयार ठेवलं. दहाची आठ मिनिटं केली. रामू कमरेला दोर बांधून त्याच्याबरोबर आत राहणार, कोरड्या कपड्यांत, दोन जॅकेटं घालून.

पहिल्या फेरीनंतर विठू दात वाजवत बाहेर आला आणि लघवीला जाऊन आला. दुसऱ्यानंतर इतका कापत होता की चहाचा ग्लास मीच धरला. तिसऱ्यानंतर शब्द जड झाले. "पुरे," मी म्हणालो. त्याने मान हलवली. चौथ्या फेरीनंतर तो कापत नव्हता. पाइपाला हात लावून बसला, आनंदा बसला होता तसाच. हात लाल झाले. चेहरा गुळगुळीत, सुरकुत्या उतरल्यासारखा. मी ह्या वेळी तोंडावरून नजर हलवली नाही.

दोरी दिली. त्याने खाली बघितलंही नाही. बोटं आपोआप चालली. एक गाठ. दुसरी.

"नाव?"

"विठू धर्मा कोळी."

"गाव?"

"पनवेल. कोळीवाडा."

हे सगळं बरोबर होतं. मग मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही, पण नाव आणि गाव विचारून माझं समाधान झालं नव्हतं.

"विठूदादा, आनंदा कुठंय?"

त्याने दाराकडे बघितलं.

"आत हाय," तो म्हणाला. "येल आता. दहा मिनटं झाली नाय अजून."

रामू रडायला लागला. विठू उठला आणि दाराकडे निघाला, आनंदाला हाक मारत. त्याला धरायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला, इतका काटकुळा माणूस. आडवा केला, ओले कपडे कापून काढले, घोंगड्यांत गुंडाळला. या वेळी चोळलं नाही. अर्ध्या तासाने तो कापायला लागला आणि मी देवाचे आभार मानले. मी देवधर्म करणारा नाही.

तासाभराने त्याची नजर जागेवर आली. त्याला काहीच आठवत नव्हतं.

"गाठ बसली काय, मिस्त्री?"

तो एक तास मी त्याच प्रश्नाचा विचार करत होतो. नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता. रामूकडे बघितलं, त्याने मान फिरवली, म्हणजे मी काहीही सांगितलं तरी तो गप्प बसला असता. पण सोमवारी दारावर पुन्हा माणसं उभी राहणार होती, आणि त्यांतले सातजण कोळीवाड्यातले होते, लहानपणापासून तीच गाठ मारत आलेले.

"बसली," मी म्हणालो. "दोन्ही. पक्क्या."

"आनी मी काय बोललो?"

तेही सांगितलं. शब्द न बदलता. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून हेही सांगितलं की त्या दिवशी आनंदाचं तोंड मी बघितलं होतं, सांडलेला चहा बघितला होता, आणि बोललो नव्हतो.

विठू घोंगडीत पडल्यापडल्या छताकडे बघत राहिला. मला शिवी देईल असं वाटलं. नाही दिली.

"म्हंजे तो आत गेलाच नवता त्याच्या मनाने," तो म्हणाला. "त्याला ठावंच नसेल, आपन कुठं चाललोय. मी त्याला तसाच पाठवला." मग तो भिंतीकडे तोंड करून रडला, आवाज न करता, आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहिलो.

सोमवारी विठू दारावर होता, पण खिशात दोरी नव्हती. आत सोडण्याआधी तो आता माणसाच्या समोर उभा राहायचा, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचा आणि विचारायचा, "तुज्या घरातलं कोन कोन गेलंय?"

लोक भडकले. कामावर उभं राहताना असलं अभद्र कोण विचारतं? एकजण नोकरी सोडून गेला. कोळीवाड्यात बोभाटा झाला की भावाच्या पाठी विठूचं डोकं फिरलं. मॅनेजरने दोनदा ताकीद दिली. विठू ऐकेना. नाव ओठांवर असतं, गाठ हातात असते, पण गेलेलं माणूस गेलंय हे आपलं आपल्याला रोज नव्याने मान्य करावं लागतं, आणि थंडीत आधी तेच सुटतं, हे त्याने स्वतःच्या अंगावर बघितलं होतं. पुढच्या तीन वर्षांत त्याने अकरा जणांना या प्रश्नावर घरी पाठवलं. एकाने वारलेल्या आईचं नाव घेऊन सांगितलं होतं की ती डबा घेऊन येणार आहे.

कधी कुणी चिडून उलट विचारायचं, "आणि तुझ्या घरातलं कोण गेलंय रे, विठू?" जनी हॉलमधून ऐकत असली तरी, मॅनेजर उभा असला तरी, तो टाळत नसे. घड्याळ बघत, कुठल्याही माणसाने द्यावं तसं पूर्ण उत्तर द्यायचा.

"आनंदा. धाकटा भाऊ. तोंड न बघता मीच आत पाठवला."

आणि मग पुढच्या माणसाची हनुवटी धरून त्याला तोच प्रश्न विचारायचा.